तीन सेकंदांची शांतता

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवताना बोलणं कधी संपलं हे तुमचा अंगठा ठरवतो. मध्येच थांबा, खोका, विचार करा. माइक चालूच असतो. फोनवरचे निरोप टिपून ठेवणाऱ्या कम्प्युटरचं तसं नसतं. तिथे तुमचं बोलणं संपलं का, हे यंत्र ठरवतं. आणि यंत्राला त्यासाठी कुणीतरी आधीच एक आकडा सांगून ठेवलेला असतो.

आमच्याकडे तो आकडा मी सांगितला होता.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठीच्या एका छोट्या हेल्पलाइनचं कम्प्युटरचं काम मी फावल्या वेळात बघायचो. रात्री फोन घ्यायला कुणी नसे. म्हणून एका जुन्या पीसीला लँडलाइन जोडली आणि त्यात अ‍ॅस्टरिस्क हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. महिन्याभरात तक्रार आली, की निरोप मध्येच तुटतात. ‘काल दवाखान्यात गेले होते, तर डॉक्टर म्हणाले...’ आणि संपलं.

मी आधी लाइनला दोष दिला. मग हार्ड डिस्क तपासली. निरोपाची मर्यादा ३ मिनिटांची होती, पण तुटलेले निरोप कुठे १२ सेकंदांचे, कुठे ४०. काही सूत्र सापडेना. शेवटी एका रात्री स्वतःच फोन लावला, दोन वाक्यं बोललो आणि गप्प राहिलो. एक, दोन, तीन. कट.

शांततेमुळे रेकॉर्डिंग थांबलं की हे सॉफ्टवेअर ती शेवटची शांतता फाइलमधून कापूनही टाकतं. त्यामुळे नंतर ऐकणाऱ्याला वाटतं, वाक्य मध्येच छाटलंय. बोलणारी बाई शब्द शोधत होती की रडू आवरत होती, याचा पुरावाच उरत नाही.

यंत्राचीही एक अडचण असते. साध्या लँडलाइनवर समोरच्याने फोन ठेवला, हे त्याला नेहमी कळतंच असं नाही. मग ते शांततेवरून अंदाज बांधतं. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या नमुना फाइलमध्ये त्यासाठी १० सेकंद दिलेले असतात. सकाळी येणाऱ्या ताई रिकामे निरोप ऐकून वैतागायच्या, म्हणून मी त्याचे ३ केले. आणखी एक आकडा असतो: किती हळू आवाजाला शांतता म्हणायचं? पंख्याची घरघर शांततेत धरली जावी म्हणून तोही मी वाढवला. त्याबरोबर हळू बोलणारी माणसंही शांततेत जमा झाली. ती बोलत होती आणि माझ्या हिशेबात गप्प होती.

भराभर बोलणाऱ्यांचे निरोप मात्र पूर्ण यायचे. तुटले ते धाप लागणारे, अडखळणारे. म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता तेच. नियम सगळ्यांना सारखा होता, म्हणूनच त्यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही.

मग काय, कितीही वेळ थांबायचं? तेही खरं नाही. ताईंची सकाळ हीसुद्धा कुणाची तरी सकाळ असते. आकडा कुठलाही टाका, कुणाचं तरी नुकसान होणारच. लहान आकड्यात ते फोन करणाऱ्याचं होतं, आणि तो तक्रार कुणाकडे करणार? पुन्हा त्याच यंत्राकडे! मोठ्या आकड्यात ते आमचं होतं, आणि आम्ही निदान चहा पिता पिता कुरकुर करू शकतो. ज्याला कुरकुर करता येते त्यानेच ते सोसावं, असं माझं मत झालंय. ताईंना ते लगेच पटलं नाही.

आता आकडा २० आहे. परवा पावणेतीन मिनिटांचा निरोप आला. त्यातला निम्मा वेळ नुसती पंख्याची घरघर, मध्ये एकदा कुत्रं भुंकतं. ताईंनी शेवटपर्यंत ऐकला आणि वहीत लिहिलं: ‘गोळ्या संपल्यात. घाई नाही म्हणाल्या.’