आवाज, कारण आणि कर्ता

खंबाटकीच्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून टकटक सुरू होते आणि पाय उचलला की ती विरते. दोष कुणालाच दिसत नाही, फक्त ऐकू येतो. ऐकू येणाऱ्या कार्यावरून न दिसणाऱ्या कारणापर्यंत कसं जायचं, हा प्रश्न गॅरेजमधल्या मिस्त्रीचा आहे, तसाच तो न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेचाही आहे. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन या अनुमानाचं उदाहरण नदीकाठचं देतो. नदी फुगलेली दिसली की वरच्या अंगाला पाऊस झाला असं माणूस ओळखतो.

पण पाणी तर पुढे कुणी बांध घातला तरी चढतं! हा आक्षेप न्यायसूत्रांनी स्वतःच मांडला आहे, आणि त्याचं उत्तर फार मोलाचं आहे. नुसतं पाणी वाढणं ही पावसाची खूण नव्हे. पाण्याला ओढ असावी, फेस असावा, पानं-फळं-लाकडं वाहून येत असावीत. असा पूर ही खूण.

चांगला मिस्त्री म्हणूनच ‘गाडी फार आवाज करते’ एवढ्यावर पाना उचलत नाही. कसला आवाज, कधी, कशावर, हे तो आधी विचारतो. सकाळी थंड इंजिनवर टकटक जोरात आणि गाडी तापल्यावर कमी होत असेल, तर इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटल्याचा संशय पहिला. धातू तापून प्रसरण पावतो आणि फट थोडी मिटते. बेल्ट टकटकत नाही, किंचाळतो. पत्र्यावर मणी सांडावेत तसा आवाज वरच्या गिअरमध्ये इंजिनवर भार पडताच आला, तर ते नॉकिंग. सायलेन्सरजवळचं उष्णता अडवणारं पत्र्याचं झाकण सैल झालं, की इंजिनच्या ठरावीक फेऱ्यांनाच थरथरतं आणि पुढे गप्प बसतं.

खरी फसगत घूं घूं करणाऱ्या आवाजात होते. रेस वाढली की आवाज वाढतो, म्हणून मालक इंजिनला दोष देतो. पण रस्त्यावर रेसबरोबर वेगही वाढतो, आणि घूं घूं करत असतं चाकाचं बेअरिंग. अशा चोरून शिरलेल्या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, ‘उपाधी’ म्हणतात. आग असली की धूर असतोच असं माणसाला वाटतं. प्रत्यक्षात धूर येतो तो ओल्या सरपणामुळे, आणि तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असूनही धूर नसतो. उपाधी शोधायची तर नेहमी बरोबर चालणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवाव्या लागतात. मिस्त्री वेग तोच ठेवून चौथ्याचा तिसरा गिअर टाकतो. इंजिनच्या फेऱ्या वाढतात, चाकांच्या तेवढ्याच राहतात. आवाज बदलला नाही, तर संशय चाकांकडे जातो. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस देणं हीसुद्धा तीच युक्ती, पण तिथे आवाज आला नाही म्हणून इंजिन लगेच सुटत नाही. चढावरचा भार तिथे नसतो, आणि ढिलं माउंटिंग भाराशिवाय बहुधा बोलत नाही.

कार्यावरून कारणाकडे जाण्याची हीच वाट नैयायिकांनी पार ईश्वरापर्यंत नेली. मिथिलेच्या उदयनाचा ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ त्यासाठीच आहे. त्याचा एक मुख्य युक्तिवाद असा, की घट हे कार्य आहे आणि त्याला कुंभार असतो. पृथ्वी, अंकुर हीही कार्यंच, तेव्हा त्यांनाही जाणता कर्ता हवा. विरोधकांनी यात उपाधी दाखवली, की घट घडवणाऱ्याला शरीर असतं. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने त्याआधीच वारुळाकडे बोट दाखवलं होतं. मातीला आकार आहे एवढ्यावरून कुंभार सिद्ध होत असेल, तर वारूळही कुंभारानेच घडवलं म्हणावं लागेल.

धर्मकीर्तीचा आक्षेप गॅरेजमध्ये उभं राहून ऐकला की त्याची धार अधिक जाणवते. मिस्त्री इंजिन बंद करू शकतो, गिअर बदलू शकतो, बेल्टवर पाण्याचे थेंब टाकून किंचाळणं थांबतं का ते पाहू शकतो. कारण काढून घेतलं की कार्य जातं, हा व्यतिरेक त्याच्या हातात आहे. विश्व न्यूट्रलमध्ये टाकता येत नाही, आणि कर्ता नसलेलं दुसरं विश्व शेजारी ठेवून तुलनाही करता येत नाही. उदयनाची बुद्धी थक्क करणारी आहे, तरीही या ठिकाणी त्याचं अनुमान पाहिजे तेवढी पकड घेत नाही. यामुळे श्रद्धेचं काही बिघडतं असं मात्र नाही. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात ईश्वराचं हे अनुमान नाकारलं. ब्रह्म शास्त्रावरूनच कळतं ही त्यांची भूमिका. भक्तीचा एवढा मोठा आचार्य इथे तर्काचा आधार घेत नाही, हे आस्तिकांनी आवर्जून लक्षात घ्यावं.

चढावरच्या त्या गाडीचा निकाल मात्र लावता येतो, आणि तो लवकर लावायला हवा. टकटक मॅनिफोल्डची असेल, तर त्याच्या फटीतून निसटणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो गाडीच्या आतही शिरू शकतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं, मग सांध्यापाशी काजळीची काळी रेघ दिसते का ते पाहावं. पॅकिंग बदललं, नट आवळले, की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असतानाच पुन्हा सुरू करून, काच खाली घेऊन, कान लावायचा.