परदेशातील अन्न आणि व्रताची कसोटी

निरामिष आहाराचे व्रत पाळणारा मनुष्य जोवर आपल्या गावी राहतो, तोवर त्या व्रताचा भार त्याला फारसा जाणवत नाही. घरची चूलच त्याच्या वतीने व्रत सांभाळीत असते. आई, पत्नी, शेजार, सणवार या सर्वांनी मिळून ते इतके सुलभ केलेले असते की, आपण काही सोडले आहे याची त्याला आठवणही राहत नाही. तोच मनुष्य विद्येसाठी, व्यापारासाठी किंवा मुलाबाळांच्या भेटीसाठी लंडनसारख्या नगरीत उतरला, म्हणजे पहिल्याच भोजनसमयी त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : येथे माझे व्रत कोण सांभाळणार? घरची चूल दूर राहिलेली असते. समोर एक अनोळखी वाढपी आणि पदार्थांची यादी असते. व्रत आपले होते की आपल्या घराचे होते, याची परीक्षा त्या क्षणी सुरू होते.

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. आज लंडनमध्ये निरामिष अन्न दुर्मिळ नाही. यूस्टन स्थानकाजवळील ड्रमंड स्ट्रीट, वेम्बलीतील ईलिंग रोड अशा भागांत भारतीय शाकाहारी भोजनगृहे आहेत, आणि पुष्कळशा सामान्य उपाहारगृहांच्या यादीतही काही पदार्थांपुढे ‘शाकाहारी’ किंवा ‘व्हीगन’ अशी खूण असते. दिसणारे मांस टाळणे सोपे आहे. खरी अडचण न दिसणाऱ्याची आहे. भाज्यांचे सूप हाडे उकळून काढलेल्या पाण्यात केलेले असू शकते. बटाट्याच्या फोडी मासे तळलेल्या तेलात, क्वचित गाईच्या चरबीतही तळलेल्या असतात. चघळण्याच्या मऊ गोळ्यांत जिलेटीन असते व ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघते. पारंपरिक वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे लहान मासे असतात. नाताळच्या पारंपरिक पुडिंगात गुरांची चरबी पडते. इटलीचे प्रसिद्ध पार्मिजानो रेज्जानो चीज तर नियमानेच वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने दूध साकळवून करावे लागते. जे गृहस्थ शेवयांसारख्या इटालियन पदार्थावर ते भुरभुरून निःशंकपणे जेवतात, त्यांना ही गोष्ट बहुधा ठाऊक नसते.

भारतात वेष्टनबंद शाकाहारी खाद्यावर हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका कायद्याने आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये ‘शाकाहारी’ या शब्दाची कायदेशीर व्याख्याच नाही. मात्र डिसेंबर २०१४ पासून तेथील विक्रेत्यांना ॲलर्जी उत्पन्न करणाऱ्या १४ पदार्थांची माहिती द्यावी लागते. त्यांत दूध, अंडी, मासे आणि कवचधारी जलचर यांचा समावेश आहे. दुकानातच बांधून विक्रीस ठेवलेल्या अन्नावरही ऑक्टोबर २०२१ पासून घटकांची पूर्ण यादी छापावी लागते. आजाऱ्याच्या रक्षणासाठी केलेला हा नियम व्रतस्थालाही उपयोगी पडतो. तथापि मांसरस, जिलेटीन आणि रेनेट त्या चौदांत नाहीत. भोजनगृहात त्यांची चौकशी तोंडानेच करावी लागते.

येथून नीतीचा पहिला प्रश्न निघतो. चौकशी किती करावी? कित्येकांचे म्हणणे असे की, “आम्ही न जाणता खाल्ले, तर दोष आम्हांस कसा लागेल?” अज्ञानाने घडलेल्या कर्माचा भार हलका असतो हे खरे. परंतु अज्ञानही दोन प्रकारचे असते. एक, जे प्रामाणिक प्रयत्नानंतरही उरते. दुसरे, जे आपण मुद्दाम राखतो. समोरच्या सुवासिक पदार्थाविषयी विचारले तर तो सोडावा लागेल, या भयाने जो विचारीत नाही, त्याला वस्तुतः उत्तर ठाऊक असते. त्याचे मौन हे वासनेने घेतलेले सोंग होय. पहिल्या अज्ञानात व्रत अखंड राहते. दुसऱ्यात ते पहिला घास घेण्यापूर्वीच मोडलेले असते.

या बाबतीत महात्मा गांधींच्या विद्यार्थिदशेचे उदाहरण बोधप्रद आहे. १८८८ साली ते लंडनला गेले, तेव्हा मद्य, मांस व स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनी आईसमोर केली होती. एका मित्राने त्यांना मोठ्या भोजनगृहात नेले. पहिलेच पात्र सुपाचे आले आणि त्यांनी वाढप्याला बोलावून ते कशाचे आहे असे विचारण्याचे ठरविले. मित्राला हा असभ्यपणा वाटला व त्याने त्यांना बाहेर जाण्यास सांगितले. ते आनंदाने बाहेर पडले. जवळचे शाकाहारी भोजनगृह बंद असल्यामुळे त्या रात्री उपाशी राहिले. पण त्यांनी मित्राशी वाद घातला नाही, की त्याच्याविषयी मनात कटुता धरली नाही. प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि न रागावण्याचे सौजन्य या दोन्ही गोष्टी येथे एकत्र दिसतात. त्यांतील एकच असेल, तर व्रत अपुरे राहते.

दुसरा प्रश्न शब्द आणि भाव यांचा. अंडे हे मांस नव्हे असे कोणी पटवून दिल्यामुळे गांधींनी काही दिवस अंडी खाल्ली. पुढे त्यांनी विचार केला की, प्रतिज्ञा जिच्यापुढे घेतली त्या आईच्या मनात मांसाची जी कल्पना होती, तीच आपल्यावर बंधनकारक आहे. आणि तिच्या कल्पनेत अंडी वर्ज्यच होती. तेव्हापासून त्यांनी अंडी सोडली, व शाकाहारी भोजनगृहातही अमुक पदार्थात अंडे आहे काय हे विचारण्याचा त्रास पत्करला. उलट, पुढे १९१८ च्या दुखण्यात दूध न घेण्याच्या व्रतातून त्यांनी शेळीच्या दुधाची वाट काढली, तेव्हा आपण व्रताचे शब्द राखले पण आत्मा राखला नाही, असे त्यांनी स्वतःच नमूद केले. व्रताची व्याख्या करण्याचा अधिकार भुकेच्या वेळी भुकेल्या माणसाकडे देऊ नये, हा यातील बोध. व्याख्या तृप्तीच्या वेळी, शांत मनाने करावी. भुकेच्या वेळी ती फक्त पाळावी.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे, आणि तो आपल्याला परदेशातील शाकाहारीच विचारतात. इंग्लंडात शाकाहारी मंडळ १८४७ साली स्थापन झाले. त्यातूनच पुढे १९४४ च्या नोव्हेंबरात डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी वेगळे झाले. दूध, लोणी, अंडी यांचाही त्याग करणाऱ्यांसाठी त्यांनी ‘व्हीगन’ हा शब्द योजिला. त्यांचा युक्तिवाद साधा आहे : दूध देण्यासाठी गाईला वासरू व्हावे लागते, त्या वासरांपैकी निम्मे नर असतात, दुग्धव्यवसायाला त्यांचा उपयोग नसतो, आणि आटलेली गायही अखेर कसायाकडे जाते. मग दूध पिणारा शाकाहारी त्या हत्येपासून खरोखर किती दूर आहे?

या प्रश्नाला आमच्याकडून सामान्यतः जे उत्तर दिले जाते, ते असे की, आमच्या देशात गाय माता आहे. हे उत्तर पुरेसे नाही. लंडनच्या दुकानातील दूध ज्या गोठ्यातून येते, तेथे ती माता नाही. आणि आमच्या शहरांतील दुधाचा गोठाही आम्ही क्वचितच पाहिलेला असतो. गाईला माता म्हणणे हा हक्क नसून जबाबदारी आहे. आटलेल्या गाईचे व नर वासराचे पोषण करणाऱ्यालाच ते म्हणणे शोभते. म्हणून दूध न सोडणाऱ्यानेही या प्रश्नाने रागावू नये. अहिंसेच्या वाटेवर कोणी आपल्यापुढे एक पाऊल टाकले असेल, तर ते पाऊल पाश्चात्त्याचे आहे म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

आणि येथेच अहंकाराचा सापळा आहे. शाकाहारी प्रवासी परमुलखात पुष्कळदा आजूबाजूच्या ताटांकडे तुच्छतेने पाहतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो; पण त्याच अध्यायाच्या आरंभी दंभ आणि अहंकार यांनी युक्त अशा तपाचा निषेध केला आहे, हे विसरतो. सात्त्विक अन्न खाऊन तामस दृष्टी बाळगली, तर लाभ काय? १९३१ च्या नोव्हेंबरात लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे भाषण करताना गांधींनी शाकाहाऱ्यांना सहिष्णुतेची व नम्रतेची गरज सांगितली, आणि केवळ आरोग्याच्या आधारावर शाकाहार टिकणार नाही, त्याला नीतीचे अधिष्ठान हवे, असे प्रतिपादिले. ज्यांच्या पुस्तकाने तरुणपणी त्यांचा शाकाहार प्रतिज्ञेपुरता न राहता श्रद्धेचा झाला, ते हेन्री सॉल्ट त्या सभेस उपस्थित होते. परदेशाने त्यांचे व्रत हिरावून न घेता ते त्यांच्या स्वाधीन केले होते.

मग प्रवाशाने वागावे कसे? यजमानाला आपला नियम आधीच कळवावा. ऐनवेळी ताट मागे सारून त्याला लाजवू नये. ‘मी शाकाहारी आहे’ एवढेच न म्हणता मांसरस, मासे, अंडी, जिलेटीन यांपैकी काय चालत नाही ते स्पष्ट सांगावे, कारण मासे खाणारेही तेथे कधी कधी स्वतःस शाकाहारी म्हणवितात. जवळ थोडा शिधा ठेवावा. पाव, फळे, सुकामेवा, उकडलेले बटाटे यांवर एक वेळ सहज निभते. सर्व खबरदारी घेऊनही चूक घडली, तर पुढे अधिक सावध व्हावे, पण शोक करीत बसू नये. फार खाणाऱ्याप्रमाणेच मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही, असे सहाव्या अध्यायात सांगितले आहेच. तेव्हा शंकेपायी देह झिजविणे हेही व्रत नव्हे.

जे घरी सवय म्हणून पाळले, ते परक्या नगरीत जाणून-विचारून पाळता आले, तर ते व्रत खऱ्या अर्थाने आपले झाले असे समजावे. आणि परत आल्यावर आपल्याच ताटातील दुधाच्या वाटीकडे, ती कोठून आली या प्रश्नासह पाहता आले, तर तो प्रवास सार्थकी लागला.