मोजणारे हात कोणाचे?

ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याच निकालानं फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याचा मुंबई महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. तत्त्व पदरात पडलं, पण डोक्यावरची टांगती तलवार तशीच राहिली.

भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी तेव्हा काय केलं? 'स्पार्क' संस्थेच्या सोबतीनं गणती केली. गाव कोणतं, काम काय, इथं किती वर्षं, अशी सुमारे सहा हजार कुटुंबांची नोंद झाली. ही माणसं काल-परवा आलेली नव्हती. कित्येकांची मुलं फुटपाथवरच जन्मली होती, आणि काम पायी जाण्याच्या अंतरावर म्हणूनच ती तिथं राहत होती. सरकारदरबारी जी माहिती नव्हती, ती आता त्यांच्याकडे होती.

यातूनच पुढच्या वर्षी 'महिला मिलन' ही या बायकांची संघटना उभी राहिली. रोज दारोदार फिरून रुपया-दोन रुपयांची बचत गोळा व्हायची. लिहिता न येणाऱ्या बाईचा हिशेब प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या रंगीत कागदाच्या तुकड्यांवर चाले. रंगावरून रक्कम कळायची. पुढे याच बायका घराचा आराखडा करायला बसल्या. लांबी-रुंदी साडीनं मोजली. छत चौदा फुटांवर हवं, म्हणजे पोटमाळा निघतो, हे त्यांनी ठरवलं. दाटीत संसार केलेल्या बाईलाच हे सुचणार! मग त्या घराचा खऱ्या मापाचा नमुना उभारून त्यांनी तो लोकांना आणि अधिकाऱ्यांना दाखवला.

आपल्याला गरिबाला द्यायला आवडतं. ब्लँकेट, वह्या, दिवाळीचा फराळ. त्यात काही वाईट नाही. पण तीच बाई वही उघडून 'तुमचा आकडा चुकलाय साहेब' म्हणाली, की आपल्या कपाळाला आठी पडते. मला तरी खरी कसोटी त्या आठीची वाटते.

हे सगळं सुफळ संपूर्ण झालं असं मात्र नाही. पुनर्वसनात अनेकांच्या वाट्याला मानखुर्द आलं. पक्की खोली मिळाली, पण पायी जाण्याजोगं काम लोकलच्या अंतरावर गेलं. घराचं माप ठरवणाऱ्यांना जागा ठरवता आली नाही. ती शहराच्या जमिनीच्या भावानं ठरवली.

आता मोजणीची पाळी धारावीची. तिथं पुनर्विकासासाठी २०२४ मध्ये घरोघरी सर्वेक्षण सुरू झालं. धारावीतच मोफत घर कोणाला, हे घर १ जानेवारी २००० पूर्वीचं आणि तळमजल्यावरचं आहे का, यावर ठरणार, म्हणजे एका कागदावर अख्खा संसार. त्या नोंदीची प्रत घरातल्या बाईच्या पेटीत हवी, गल्लीची यादी गल्लीतच मोठ्यानं वाचली जायला हवी, आणि एखादं नाव सुटलं असेल तर ते शेजारणीच्या तोंडी साक्षीवर चढायला हवं.