नातू सेवेला नेपाळला चाललाय




मागच्या महिन्यात ग्रुपवर एका ताईंनी प्रश्न टाकला होता. त्यांचा नातू अकरावीला आहे. सुट्टीत त्याची शाळा मुलांना आठ दिवस नेपाळला नेणार. तिथे खेड्यातली एक शाळा रंगवायची, मुलांना इंग्रजी शिकवायचं, शेवटी सर्टिफिकेट मिळणार. खर्च लाखाच्या आसपास. ताई विचारतात, याला सेवा म्हणायचं का? खाली अंगठे आणि हात जोडलेले खूप आले, उत्तर कुणीच दिलं नाही.

पहिल्यांदा तोंडात येतं ते हेच की सेवाच करायची तर आपलं लिंबायत, उधना काय वाईट आहे? रिक्षाने वीस मिनिटं. पण जवळ केली की सेवा आणि लांब गेलं की सहल, असं मला म्हणवत नाही. कारण आनंदवन आठवतं.

बाबा आमटेंनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं तेव्हा सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये. रुग्णांनी खडकाळ जमिनीतून भाजी पिकवली, पण गावातले लोक ती घेईनात. रोगाची भीती! पुढे पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण तिथे आले. (ही संस्था पिएर सेरेसोल या स्विस माणसाने १९२० मध्ये सुरू केली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर तो स्वतः इथे कामाला आला होता.) या तरुणांनी रुग्णांबरोबर राहून बांधकाम केलं, तिथलीच भाजी खाल्ली. ते बघून गावाची भीती गेली आणि भाजी विकली जायला लागली. विटा काय, गवंडीही रचतो. एका ताटात जेवणं हे त्यांनी दिलं, आणि त्यासाठी त्यांना सर्टिफिकेट लागलं नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूण सांगितली आहे. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, आणि जो परत काही देऊ शकणार नाही त्याला. परतफेडीवर डोळा ठेवून दिलं ते राजस. आता आजकालच्या मुलांची सेवा तासांत मोजतात. अमेरिकेत मेरीलँड राज्यात तर हायस्कूल पूर्ण करायला ७५ तास सेवा लागते. मुलांना मी दोष देत नाही, नियम मोठ्यांनीच केलेत. पण परदेशातल्या कॉलेजच्या अर्जात लिहायला मिळतं म्हणून शाळा रंगवली, तर परतफेड झालीच ना? आणि भिंत रंगवायला तिथला रंगारी आहे की, त्याची आठ दिवसांची मजुरी कोण देणार?

याहून वाईटही होतं. नेपाळमध्ये आणि कंबोडियात आई-बाप जिवंत असलेली मुलं अनाथाश्रमांत आणून ठेवल्याचं उघड झालंय, कारण सेवेला येणारे परदेशी पाहुणे देणग्या देतात. पाहुण्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण त्यांच्या येण्यावरच तो धंदा चालतो.

आपल्या रविवारच्या वर्गातही हिवाळ्यात परदेशातून आलेली मुलं येऊन गेली. गोड मुलं होती, खेळली, फोटो काढले. नंतर साड्यांना टिकल्या लावणारी एक आई मला म्हणाली, "ताई, त्या पोरांनी आमचे फोटो नेले, त्यांचा एक तरी फोटो आम्हाला दिला का?" मला तरी यापेक्षा नेमका प्रश्न अजून सुचलेला नाही. पोरं देऊन गेली असं सगळे म्हणत होते, आणि तिला दिसत होतं की ती घेऊन गेली.

म्हणून ताई, नातवाला जाऊ द्या. फक्त त्याला सांगा की तू शिकायला चाललायस, तुला शिकवणारे ते लोक आहेत, आणि लाखभर रुपये ही तुझी फी आहे. तिथल्या कुटुंबाला आधी विचार, काय हवंय. काही नको म्हणाले तर तेही ऐक. परत आल्यावर पत्र लिही.

आणि जायच्या आधी दोन रविवार त्याला वर्गात पाठवा. दुपारी चार वाजता. वर्ग झाडायला, सतरंज्या घालायला आम्हाला माणूस कमीच पडतो.

— एक सेविका, सुरत