गव्हर्नर आहे ना

डिसेंबरातल्या एका रविवारी नागावच्या किनाऱ्यावर एटीव्ही भाड्याने देणारा माणूस एका गिऱ्हाइकावर ओरडत होता. "ओ दादा, उभ्या गाडीत रेस नका देऊ!" गिऱ्हाईक न्यूट्रलमध्ये बसून अंगठ्याने लिव्हर दाबत होतं आणि समोर उभा असलेला मित्र रील काढत होता. गाडी जागेवर किंचाळत होती. नंतर वाळूत एक फेरी मारून आल्यावर तक्रार सुरू झाली की, गाडी पळतच नाही. गाडीवाल्याने शांतपणे हँडलजवळचा छोटा स्क्रू दाखवला. तो आत फिरवला की लिव्हर अर्ध्यातच अडतो. लहान मुलांच्या क्वाडला असा स्क्रू असतोच, आईबाप पोराचा हात बसेल तसा तो थोडा थोडा सैल करतात. याने तो मोठ्यांच्या गाडीलाही लावून ठेवला होता.

"पैसे पूर्ण घेता आणि गाडी अर्धी देता," गिऱ्हाईक म्हणालं. आजूबाजूचे हसले. मलाही हसू यायला हवं होतं. पण मला नऊ वर्षांपूर्वीचं एक वाक्य आठवलं, जे मी एका मुलाला म्हणालो होतो, आणि मग माझी फेरी मारायची इच्छाच गेली.

तेव्हा मी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि आमच्या कॉलेजच्या बाजा टीममध्ये पॉवरट्रेन माझ्याकडे होतं. बाजा म्हणजे बाजा एसएई. मूळ उच्चार बाहा, पण आपल्याकडे कुणी तसं म्हटलं तर टीम त्याला वर्षभर चिडवते. १९७६ साली अमेरिकेत साउथ कॅरोलिनात सुरू झालेली ही स्पर्धा २००७ पासून भारतात होते. विद्यार्थ्यांनी एका माणसाची, खडकाळ रस्त्यावर टिकणारी एटीव्ही बनवायची आणि पिथमपूरला जाऊन ती चार तास पळवायची. गंमत अशी की चॅसिस, सस्पेन्शन, गिअरबॉक्स सगळं तुमचं, पण इंजिन सगळ्यांना एकच. आमच्या वेळी ते साधारण दहा हॉर्सपॉवरचं, ३०५ सीसीचं, एका सिलिंडरचं, हवेवर गार होणारं होतं. आणि त्यावर गव्हर्नर. ३८०० आरपीएमच्या वर जायचं नाही. स्पर्धेत तपासणीला टॅकोमीटर लावून बघतात.

हा गव्हर्नर म्हणजे हल्लीच्या बाइकमधला रेव्ह लिमिटर नव्हे. त्यात कॉम्प्युटर स्पार्क किंवा पेट्रोल तोडतो आणि गाडी अडखळल्यासारखी फटफटते. हा जुन्या पद्धतीचा. इंजिनच्या पोटात छोटी वजनं फिरतात, वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, दांड्याला ढकलतात आणि थ्रॉटल हळूच मिटायला लागतं. विरुद्ध बाजूने एक स्प्रिंग ओढत असते. दोघांची जिथे बरोबरी होते तो तुमचा कमाल वेग. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला हेच लावलं, आणि त्याच्याही आधी पवनचक्क्यांमध्ये ही युक्ती होती. मॅक्सवेलने १८६८ मध्ये यावर अख्खा निबंध लिहिला. गव्हर्नर आणि सायबरनेटिक्स हे दोन्ही शब्द एकाच ग्रीक शब्दापासून आलेत, त्याचा अर्थ जहाजाचं सुकाणू धरणारा. म्हणजे आपल्या भाषेत कर्णधार. टीमचा कर्णधार वेगळाच होता, पण सुकाणूला हात मी घातला.

झालं असं की गिअर रेशो काढताना माझी चूक झाली होती. गाडीचं वजन मी धरलं त्याच्यापेक्षा बरंच जास्त भरलं, टायर बदलले गेले, आणि मी जुन्याच आकड्यांवर गिअर कापायला दिले होते. गाडी चढ चढत होती पण सपाटीवर रडत होती. नवे गिअर करायला ना पैसे होते ना वेळ. कुणाला अजून कळलं नव्हतं की दोष कुठे आहे. एका रात्री मी आणि आमच्या वर्गातला अजून एक जण वर्कशॉपमध्ये थांबलो, स्प्रिंगचा ताण वाढवला आणि टॅकोमीटरवर ४२०० आकडा आला. ताशी पाच-सहा किलोमीटर जास्त. दुसऱ्या दिवशी सगळे खूश. स्पर्धेआधी परत खाली आणू असं आम्ही ठरवलं होतं. टेस्टिंगपुरतंच, हा शब्द आम्ही त्या आठवड्यात किती वेळा वापरला ते आठवलं की आजही कसंतरी होतं.

आमचा युक्तिवाद तसा वाईट नव्हता. चारशे आरपीएमने काय होतं? यामाहाची वायएफझेड ४५० आर ही रेसिंगची क्वाड घ्या. तिच्या पिस्टनचा स्ट्रोक ६३.४ मिलिमीटर, आमच्या इंजिनाचा साधारण तेवढाच, आणि ती दहा हजारांच्या घरात फिरते. मग आमचं ४२०० ला का घाबरेल? शिवाय ज्याने ३८०० ठरवलं त्याने काहीतरी शिल्लक ठेवलीच असणार. इंजिनिअर नेहमी ठेवतात. ती शिल्लक आम्ही वापरतोय, एवढंच.

यातला पहिला भाग चुकीचा आहे हे मला तेव्हाही माहीत असायला हवं होतं. ३८०० ला पिस्टन सेकंदाला १२७ वेळा पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो. त्याला थांबवणारं ओझं कनेक्टिंग रॉडवर येतं आणि ते वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग साडेदहा टक्क्यांनी वाढवला तर ओझं बावीस टक्क्यांनी. वायएफझेड हे सहन करते कारण तिचा पिस्टन फोर्ज केलेला, व्हॉल्व्ह टायटॅनियमचे, आणि तेल पंपाने दाब देऊन जागच्या जागी पोचवलेलं. आमच्या साध्या इंजिनात अॅल्युमिनियमचा रॉड आणि त्याच्या खाली एक चमचा, जो फिरताना तेल उडवतो. तेल उडेल तिथे उडेल. जास्त आरपीएमला धोका फक्त रॉडचा नसतो, व्हॉल्व्हची स्प्रिंगही मागे पडते. व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही आणि पिस्टन वर येऊन त्याला भेटतो. म्हणून आकडा प्रत्येक इंजिनाचा स्वतःचा असतो, शेजारच्याचा उसना घेता येत नाही.

दुसरा भाग, शिल्लकीचा, मला जास्त काळ पुरला. त्यात खरंच काहीतरी आहे. मर्यादा घालणाऱ्याने सावधपणे घातलेली असते, आणि प्रत्येक सावध मर्यादेच्या पलीकडे थोडी मोकळी जागा असते. ती जागा कुणाची? मला वाटायचं, जो धाडस करेल त्याची. पण ती जागा रिकामी नसते. तिथे आधीच माणसं राहतात. तेल भरायला विसरलेला, एअर फिल्टर साफ न केलेला, मे महिन्याच्या दुपारी गाडी चालवणारा, इंजिन गरम व्हायच्या आधीच रेस देणारा, या सगळ्यांच्या वाटणीची ती जागा. मी ती संपवली म्हणजे मी त्यांच्यातल्या कुणाचं तरी घर घेतलं. कुणाचं, ते मला आधी कळायची सोय नव्हती.

आता ते वाक्य. फेब्रुवारीतला शनिवार होता. सेकंड इयरचा एक ज्युनियर ड्रायव्हरच्या सीटसाठी तयारी करत होता. सडपातळ, हलका, डोळे रस्त्यावर, टीमला हवा तसाच. कॉलेजच्या मागच्या टेकाडावरून खाली उतरताना तो अंगठा सोडत होता. मी त्याला म्हणालो, "बिनधास्त दाब रे. गव्हर्नर आहे ना."

उतारावर गव्हर्नर फारसा कामाचा नसतो हेही मी विसरलो होतो. तो थ्रॉटल मिटू शकतो. पण चाकंच इंजिनाला फिरवायला लागली तर मिटायला त्याच्याकडे काही उरत नाही. गिअरवाल्या क्वाडवर घाईत खालचा गिअर टाकला तरी हेच होतं, लिमिटर बघत बसतो आणि आकडा वर जातो.

तो तिसऱ्या फेरीत खाली आला आणि आवाज बदलला. आधी टकटक, मग लोखंडी पेटी आपटल्यासारखा एकच धक्का. रॉड तुटून क्रँककेसला भोक पाडून बाहेर आला होता. गरम तेल त्याच्या पोटरीवर उडालं. भाजलं, पण फार नाही. पंधरा दिवसांत तो चालायला लागला.

चौकशी झाली. सर आले, कर्णधार आला. इंजिनात बघितलं तर तेल कमी होतं, आणि गाडी फुल थ्रॉटलवर उतारावर होती हे सगळ्यांनी पाहिलेलं. कुणीतरी म्हणालं, "याने उडवलं." तो काही बोलला नाही. मीही नाही. माझ्या मित्राने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या रात्री स्प्रिंग मोडक्या इंजिनावरून काढून मी खिशात टाकली. ड्रायव्हरची सीट दुसऱ्याला मिळाली. पुढच्या वर्षी तो टीममध्ये आलाच नाही.

जॉन स्टुअर्ट मिलच्या 'ऑन लिबर्टी' या १८५९ च्या पुस्तकात एक पूल आहे. एक माणूस धोकादायक पुलावर पाऊल ठेवतोय आणि त्याला ते माहीत नाही, सांगायला वेळही नाही. मिल म्हणतो, त्याला धरून मागे ओढलं तरी त्याच्या स्वातंत्र्यावर घाला होत नाही, कारण त्याला नदीत पडायचं नाहीये. पण धोका नक्की नसून शक्यतेपुरता असेल आणि त्याला तो ठाऊक असेल, तर फक्त बजावावं आणि त्याचं त्याला ठरवू द्यावं. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. माझी जागा या उदाहरणात नाहीच. मी पुलाच्या तोंडाशी उभा राहून पूल मजबूत आहे असं सांगणारा होतो, आणि आदल्याच आठवड्यात त्यातल्या दोन फळ्या माझ्या घराला लावल्या होत्या.

स्वतःचं इंजिन स्वतःच्या पैशाने स्वतःच्या बुडाखाली फोडायचा हक्क माणसाला असावा, असं मला अजूनही वाटतं. मर्यादा पाळणं हीच नीती असं मानणाऱ्यांचं माझ्याशी कधी जमलं नाही. पण एटीव्हीवरच एक छोटी गोष्ट आहे जी मला या सगळ्यात जास्त पटते. बऱ्याच मोठ्या क्वाडमध्ये रिव्हर्सला वेगळी, कमी मर्यादा असते. मागे जाताना वेग नको म्हणून. पण चिखलात रुतलात तर? त्यासाठी डाव्या मुठीजवळ एक बटण असतं. ते दाबून धरलं की मर्यादा उठते. दाबून धरलं तरच. अंगठा उचलला की मर्यादा परत. ज्याने हे बनवलं त्याला माहीत होतं की कधी कधी ओलांडावंच लागतं. त्याने फक्त एवढं बघितलं की ओलांडणाऱ्याला ते पूर्ण वेळ जाणवत राहावं, आणि त्याच्यानंतर सीटवर बसणाऱ्याला जुनीच मर्यादा मिळावी.

मी स्प्रिंग ताणली तेव्हा माझा अंगठा कशावरही नव्हता. मी घरी जाऊन झोपलो होतो आणि ओलांडणं चालूच होतं, दुसऱ्याच्या पायाशेजारी.

नागावहून परत आल्यावर मी त्याला फोन केला. तो आता चाकणला एका कंपनीत आहे, मुलगी दोन वर्षांची. इकडचं तिकडचं झाल्यावर मी सांगून टाकलं. तो काही क्षण गप्प होता.

"किती केलं होतं दादा?"

"बेचाळीसशे."

"हं." मग पुन्हा शांतता. मागे कार्टूनचा आवाज येत होता. "तेल बघायचं काम माझं होतं. चेकलिस्टवर माझी सही आहे. त्या दिवशी मी न बघता टिक केलं. मला नऊ वर्षं वाटतंय की माझ्यामुळेच..."

मला हे माहीत नव्हतं. टीम सोडली तेव्हा मला वाटलं होतं की तो रागावून गेला.

आम्ही दोघंही इंजिनिअर, त्यामुळे पुढचे दहा मिनिटं विचित्रच गेली. ३८०० ला असतं तर तेवढ्या तेलावर तगलं असतं का, तेल पूर्ण असतं तर ४२०० ला तगलं असतं का, उताराचं काय. मी म्हणालो, याने तुझ्यावर आलेला आळ कमी होत नाही का? तो म्हणाला, "थांब दादा, आधी कळू तर दे." मग त्याने विचारलं, तुटलेला रॉड कुठे आहे.

रॉड माझ्याकडेच आहे. आईच्या घरी माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळून, स्प्रिंगसकट.

"मग घेऊन ये. मोठ्या टोकाला आतून ओरखडे, घासलेलं असेल तर तेलाने गेलं. स्वच्छ तुटलेला असेल तर तुझं."

पुढच्या रविवारी त्याच्याकडे जायचं ठरलंय. पुडकं माळ्यावरून काढून टेबलावर ठेवलंय. कागद अजून सोडलेला नाही, त्याच्यासमोरच सोडू असं म्हटलंय.