परत उठण्याचा खर्च

अवघड व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची एक ठरलेली बढाई असते. ‘त्या बॉसनं मला साठ वेळा मारलं, एकसष्टाव्या वेळी मी त्याला लोळवला.’ आमच्या कबनूरच्या कट्ट्यावर ही बढाई ऐकू येते आणि पुण्यातल्या आयटी कंपनीच्या कँटीनमध्येही ऐकू येते. सांगणाऱ्याचा चेहरा बघा, पोरगं पहिलं आल्यासारखा असतो. मजा अशी की या बढाईतली सगळ्यात मोठी गोष्ट कुणी बोलूनच दाखवत नाही. साठ वेळा मेलेला माणूस एकसष्टाव्या वेळी खेळायला हजर होता!

लहानपणापासून आपल्याला एक वाक्य पाजलेलं असतं, की कष्टानं माणूस घडतो, संकटानं माणूस घडतो. टाकीचे घाव वगैरे. हे खरं आहे का? की अर्धंच खरं आहे? माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, पण रिकाम्या वेळात डोक्यात तीनच गोष्टी फिरत असतात: मध्ययुगाचा इतिहास, छळणारे गेम आणि अकरावी-बारावीचं रसायनशास्त्र. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही असं मला बरेच दिवस वाटायचं. आता वाटतं की तिन्ही एकच प्रश्न विचारतात. माणूस पडला, तर परत उठण्याचा खर्च कुणाच्या खात्यावर लागतो?

आधी गेमचं बघू. ‘डार्क सोल्स’ हा २०११ सालचा जपानी गेम. अवघड गेम म्हणजे काय हे माझ्या पिढीला यानं शिकवलं. यात जागोजागी शेकोट्या असतात. मेलात की शेवटच्या शेकोटीपाशी उठता. तुम्ही कमावलेलं सगळं जिथं मेलात तिथं पडलेलं राहतं, ते परत आणायची एकच संधी मिळते, आणि वाटेतले मारलेले शत्रूही पुन्हा उठून उभे असतात. ऐकायला क्रूर वाटतं. पण नीट विचार केला तर यासारखा उदार गुरू मिळणार नाही. तो कितीही वेळा चुकू देतो. फी वाढवत नाही, घरी चिठ्ठी पाठवत नाही. जमिनीवर इतर खेळाडूंच्या रक्ताचे डाग दिसतात. डागाला हात लावला की तो खेळाडू कसा मेला हे काही क्षण दिसतं. म्हणजे दुसऱ्याच्या मरणातूनही फुकट शिकता येतं.

थोडक्यात, गेम अवघड आहे, पण मरण स्वस्त आहे. घडतो तो माणूस या दोन्हींच्या बेरजेतून. नुसत्या अवघडपणातून घडत नाही. तोच गेम असा करून बघा: एकदा मेलात की फोन कायमचा बंद. किती जण शूर होतील? बहुतेक जण पहिल्या दारातून आतच जाणार नाहीत. जे जातील त्यांतले बहुतेक मरतील, आणि एखादा सुटलेला पुढं व्याख्यानं देत फिरेल की ‘भावांनो, भीती सोडा.’

आता पन्हाळा. कबनूरहून पन्नासेक किलोमीटर. आमच्याकडच्या शाळांची सहल ठरली की पहिलं नाव त्याचंच निघतं. नोव्हेंबर १६५९ मध्ये, अफजलखानाच्या वधानंतर अठरा दिवसांत, हा किल्ला शिवाजी महाराजांकडं आला. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरनं वेढा घातला. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. ऐन पावसाळ्यात, जुलै १६६० मधल्या एका रात्री महाराज किल्ल्यातून निसटले. पुढची कथा इथल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. पालखीत बसून शत्रूला चकवणारा शिवा काशीद पकडला गेला आणि मारला गेला. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं उभी राहिली. महाराज साठेक किलोमीटर अंतर कापून विशाळगडाला पोचले, तर तिथंही सुर्वे आणि दळवींचा वेढा. तो फोडून आत गेले. खिंडीतले बहुतेक लोक परत आले नाहीत.

ही कथा आपण पराक्रमाची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण जरा पुढची पानं उलटू. त्याच सप्टेंबरात पन्हाळा आदिलशहाला देऊन टाकावा लागला. जानेवारी १६६६ मध्ये रात्रीचा छापा घालून तो घ्यायचा प्रयत्न झाला. तो फसला आणि शेकडो माणसं पडली. शेवटी मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदनं साठ माणसं घेऊन रात्रीत किल्ला घेतला. आला, गेला, फसला, पुन्हा आला. तेरा वर्षांचा हिशेब. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, तेवीस किल्ले गेले. १६७० पासून ते एकेक करून परत घेतले गेले.

गेम खेळणाऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं तर स्वराज्याला ‘रिस्पॉन’ होता. किल्ले म्हणजे त्याच्या शेकोट्या. पन्हाळा गेला तर विशाळगड आहे, तो गेला तर राजगड आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ल्यांबद्दल इतकं बारीक का लिहिलं, ते असं बघितलं की लगेच कळतं. हरल्यावर परत उठायला जागा नसेल, तर पहिल्या पराभवालाच राज्य संपतं. आधीच्या कित्येक राजवटी अशाच संपल्या. पण हा रिस्पॉन राज्याला होता. शिवा काशीदला नव्हता. १६६६ च्या त्या रात्री पन्हाळ्याखाली पडलेल्यांना नव्हता. त्यांनी एकच डाव खेळला. राज्याचा पुढचा डाव त्यांच्या एकुलत्या एक डावावर उभा राहिला.

इथं रसायनशास्त्र कामाला येतं. कागद उघड्या हवेत वर्षानुवर्षं पडून राहतो. आजूबाजूला ऑक्सिजन भरपूर असतो, तरी तो पेटत नाही, कारण सुरुवातीला एक चढ असतो. तो चढायला जी ऊर्जा लागते तिला आपण सक्रियण ऊर्जा म्हणून पाठ केलं. काडी लावली की चढ पार होतो आणि मग आग आपली आपण पळते. उत्प्रेरक हा चढ कमी करतो. तो वेगळी, कमी उंचीची वाट काढून देतो, आणि शेवटी स्वतः जसाच्या तसा शिल्लक राहतो. निकेलच्या भुकटीवर तेलाचं वनस्पती तूप होतं. तूप डब्यात जातं, निकेल गाळून मागं ठेवतात.

भाषणांत हा शब्द फार आवडीचा असतो. अमुक महापुरुष समाजाचे उत्प्रेरक होते, तमुक बलिदान उत्प्रेरक ठरलं. मला हा शब्द इथं खटकतो. खिंडीतली माणसं गाळून परत मिळाली नाहीत. रसायनशास्त्राच्या भाषेत ती अभिक्रियाकारक होती, म्हणजे क्रियेत खर्च होणारा पदार्थ. तोफेच्या दारूत वजनानं साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतं. बत्ती लागली की सोरा ऑक्सिजन पुरवतो, कोळसा-गंधक जळतात, गोळा सुटतो. मागं उरतो तो धूर आणि राख. तिच्यातून पुन्हा दारू बनत नाही. गोळ्यानं तट फोडला म्हणून सोरा ‘अमर’ झाला असं कुणी म्हणत नाही. माणसाबद्दल मात्र आपण तसं म्हणतो, आणि तसं म्हणताना नकळत खर्चाची ओळ खोडून टाकतो.

खर्च खोडता येत नाही, हे ज्यानं तराजू लावून दाखवलं तो लावाझिए. बंद भांड्यात काहीही जाळा, आधीचं आणि नंतरचं वजन सारखंच भरतं. जे नाहीसं झाल्यासारखं वाटतं ते कुठंतरी गेलेलं असतं. या लावाझिएची मान १७९४ साली फ्रेंच क्रांतीच्या गिलोटिनखाली गेली. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारा माणूस, पण त्यालाही दुसरा डाव मिळाला नाही.

खर्च कुठंतरी जातोच, हे एका गेमनं फार अस्वस्थ करणाऱ्या पद्धतीनं दाखवलं. ‘डार्क सोल्स’ ज्यांनी केला त्यांचाच २०१९ सालचा ‘सेकिरो’. सोळाव्या शतकातला, लढायांनी पोखरलेला जपान. यातला नायक मेल्यावर जागच्या जागी उठू शकतो. पण तुम्ही वारंवार मरत राहिलात की गेममधली इतर माणसं खोकायला लागतात. ज्या म्हातारीशी तुम्ही गप्पा मारल्या ती खोकते, जो मूर्तिकार तुमचा हात दुरुस्त करतो तो खोकतो. या रोगाचं नाव ड्रॅगनरॉट. तुम्ही परत उठता ते त्यांच्या आयुष्यातून थोडंथोडं ओढून घेऊन. रोगावर इलाज आहे, त्यानं कुणी दगावतही नाही. पण एकदा तो खोकला ऐकला की साठ वेळा मेल्याची बढाई पूर्वीच्या तोऱ्यात मारता येत नाही.

आता गेम बंद करू आणि आमच्या गावात येऊ. कबनूर-इचलकरंजीत मागाचा खटखटाट हेच आमचं घड्याळ. मागावर सूत तुटलं तर कामगार गाठ मारून पुढं जातो. ती त्याची शेकोटी. पण कापडात दोष निघाला आणि पैसे कापले गेले, तर त्या आठवड्याच्या बाजारात भाजी कमी येते. मी जे काम करतो त्यात चुकलेला कोड मागं घेता येतो. बटण दाबलं की कालची आवृत्ती परत. ‘लवकर चुका, भरपूर चुका’ हा आमच्या धंद्यातला मंत्र आहे, आणि तो आम्ही जगाला उपदेश म्हणून वाटतो. पण चुकण्याचं धाडस आमच्या छातीत जास्त आहे असं काही नाही. आम्हाला रोलबॅक आहे, एवढंच. मागावरच्या माणसाला तोच मंत्र ऐकवणं म्हणजे ज्याचा फोन एका मरणात कायमचा बंद होणार आहे, त्याला ‘मर रे बिनधास्त’ सांगणं.

स्पर्धा परीक्षेचं घ्या. यूपीएससीत खुल्या गटाला सहा संधी आहेत. हा आयोगाचा नियम. घराचा नियम वेगळा असतो. बापाची नोकरी पक्की असेल तर सहाच्या सहा. शेत गहाण असेल तर दोन. आणि बऱ्याच घरांत मुलाला चौथी संधी मिळते, तेव्हा त्याच्या बहिणीची पहिलीच संधी ‘स्थळ चांगलं आलंय’ म्हणून संपलेली असते. मुलगा चौथ्यांदा पास झाला की त्याच्या जिद्दीचा फलक चौकात लागतो. जिद्द खरीच असते, अभ्यासही खरा असतो. पण घरात कुणीतरी खोकत होतं, ते फलकावर येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळ्यांना सगळं परत मिळायला लागलं तर शौर्याला काय अर्थ राहील? परतीचा दोर कापलेला होता, म्हणूनच तर घोडखिंड मोठी. मान्य. न उलटणाऱ्या क्रियेचं मोल न उलटणारंच असतं, आणि स्वतःहून स्वतःचा एकुलता डाव देणाऱ्यापुढं मान झुकलीच पाहिजे. पण यातून दोन वेगळ्या गोष्टी निघतात आणि आपण त्या एकात कालवतो. एखाद्यानं असं देणं ही त्याची थोरवी. ते दुसऱ्याकडून अपेक्षित धरणं ही आपली सोय. बलिदानाची सगळ्यात जोरकस स्तुती बहुतेक वेळा अशा जागेवरून येते, जिथं बोलणाऱ्याच्या मागं शेकोटी पेटलेली असते. ‘आजच्या पोरांत दम नाही’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं, की काका, तुम्ही पडला होता तेव्हा कुणाच्या दारात जाऊन उठलात?

जुन्या काळाला हे अजिबात कळत नव्हतं असंही नाही. पावनखिंडीनंतर दरबारातला पहिल्या पानाचा मान बांदलांना मिळाला, असं सांगतात. त्यानं कुणी परत आलं नाही. पण राज्यानं निदान वहीत लिहून ठेवलं, की आम्ही उभे आहोत ते यांच्या खर्चावर. माझ्या मते कृतज्ञतेची हीच खालची पायरी आहे, पुतळ्याच्याही आधीची: हिशेब खरा ठेवणं.

वरची पायरी जास्त कष्टाची. आपण उठलो ती शेकोटी दुसऱ्यासाठी पेटती ठेवणं. यासाठी आयुष्य सोपं करायची गरज नाही. गणित अवघडच राहू दे, परीक्षा कडकच राहू दे, बॉस साठ वेळा मारू दे. फक्त पडण्याची किंमत एवढी नको की माणूस दारातूनच मागं फिरेल, किंवा त्याच्या पडण्यानं शेजारचा आजारी पडेल. नव्या पोरानं सर्व्हर पाडला तर आधी रोलबॅक करायचा, मग कारण शोधायचं, आणि त्याचं नाव घेऊन हसायचं नाही, एवढं टीमला जमतं. बहिणीची दुसरी संधी भावाच्या चौथीच्या आधी, एवढं घराला जमू शकतं. मागावरच्या माणसाचा एक वाईट आठवडा त्याच्या ताटापर्यंत पोचणार नाही, अशी व्यवस्था गावाला जमायला काय हरकत आहे?

पुढच्या वेळी पन्हाळ्यावर गेलात तर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो काढाच, मीही काढतो. मग तटावर थोडा वेळ बसून स्वतःच्या आयुष्यातले डाव मोजा. कितीदा हरलो, कितीदा परत उठलो. आकडा मोठा निघाला तर आपलं कौतुक करायला हरकत नाही. फक्त त्या आकड्यापुढं एक रकाना आखा आणि प्रत्येक वेळी खोकला कुणाला झाला, त्याचं नाव लिहा. त्यातली काही माणसं अजून हयात असतील. घाटातून खाली उतरायच्या आत त्यांतल्या एकाला तरी फोन लागेल.