चार नंबरचा बीके

हातपाय काढलेल्या रुग्णाची शुश्रूषा नर्सिंगच्या अभ्यासक्रमात तंत्र म्हणून शिकवली जाते. गुडघ्याखाली पाय काढला तर 'बीके', गुडघ्याच्या वर काढला तर 'एके'. उरलेला भाग म्हणजे स्टम्प. त्याला आठाच्या आकड्यासारखी क्रेप बँडेज बांधायची. त्याखाली सतत उशी ठेवायची नाही, नाहीतर सांधा आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. रक्तस्राव झाला तर हाताशी असावा म्हणून टूर्निकेट खाटेजवळच ठेवायचा. एवढे लिहिले की गुण मिळतात. पहिल्यांदा ड्रेसिंग उघडताना विद्यार्थिनीचे काय झाले, हा प्रश्न पेपरात येत नाही.

वॉर्डात या प्रश्नाची दोन तयार उत्तरे असतात. जुन्या सिस्टर सांगतात, मन घट्ट कर, सवय होते. नव्या व्यवस्थापनाला सहानुभूतीची कार्यशाळा हवी असते, चहा-बिस्किटांसह. दोन्ही पक्ष एकमेकांना नावे ठेवतात. पण विद्यार्थिनीची अस्वस्थता हा तिचा खासगी मामला आहे, यावर दोघांचे एकमत असते.

या एकमताला सुरुंग लावला तो इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषक बाईंनी. लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयाचा त्यांचा अभ्यास 1960च्या सुमारास प्रसिद्ध झाला. तिथे सुमारे एकतृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत होत्या. बाईंनी मुलींचे मन तपासण्याऐवजी कामाची वाटणी तपासली. एकीने सगळ्यांचे ताप मोजायचे, दुसरीने सगळ्यांची अंथरुणे करायची. रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या आकड्याने किंवा आजाराने ओळखायचे. विद्यार्थिनींना या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवत राहायचे. या सगळ्याचा छुपा हेतू दुःखाशी गाठ पडू न देणे हा होता आणि त्यातून भीती कमी होण्याऐवजी मुरत होती, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्याकडच्या सर्जिकल वॉर्डात 'चार नंबरचा बीके' ऐकणाऱ्याला हे लंडन फार दूरचे वाटणार नाही.

तरीही मेंझिसबाईंचे सगळेच मान्य करता येत नाही. पट्टी बांधणे हीसुद्धा ठरीव कृतीच आहे, पण ती रुग्णापासून दूर नेत नाही. नजर कुठे ठेवावी हे न कळणाऱ्या मुलीला ती नजर ठेवायला जागा देते: टाके कोरडे आहेत का, कड काळी पडते आहे का, पट्टी वर सैल आणि खाली घट्ट आहे ना. घाव बघण्याची परवानगी हातांना आधी मिळते, मनाला मागाहून. म्हणजे दोष नियमात नाही, तुकडे करण्यात आहे. एकाच मुलीने एकाच रुग्णाची पट्टी आठवडाभर बांधली तर तोच नियम ओळख घडवतो.

ही ओळख शुश्रूषेच्याही उपयोगाची असते. नसलेल्या पायाची बोटे जळतात, असे रुग्ण रात्री सांगतो. अमेरिकन यादवीतले जखमी सैनिक तपासणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी 1871 मध्ये अशा अवयवाला भुताची उपमा दिली; 'फँटम लिंब' हे नाव तिथूनच रूढ झाले. पाळी बदलून आलेली मुलगी 'रुग्ण गोंधळलेला' अशी नोंद करून मोकळी होते. रोजची मुलगी जाणते की माणूस पूर्ण शुद्धीत आहे आणि वेदना खरी आहे. ती डॉक्टरांना कळवते.

काढलेल्या पायाचा प्रश्नही तिच्याच वाट्याला येतो. 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार तो पिवळ्या पिशवीत जातो. "सिस्टर, पाय कुठं ठेवला?" असे नातेवाईक विचारतात, तेव्हा पिशवीचा रंग पाठ असलेल्या मुलीकडे उत्तर नसते. मावशी मात्र त्यांना बाजूला घेऊन शांतपणे समजावतात. त्यांना कुणी कार्यशाळेला पाठवलेले नसते.

केस स्टडीची वही डिस्चार्जपाशी संपते. कृत्रिम पाय बसतो जखम भरून सूज उतरल्यावर, बहुधा दुसऱ्याच केंद्रात, आणि तोवर विद्यार्थिनीचे पोस्टिंग बदललेले असते. त्यामुळे अनेकींच्या अनुभवात पाय गेलेला माणूस कायम खाटेवरच राहतो. पोस्टिंगच्या तक्त्यात कृत्रिम अवयव केंद्रातले दोन दिवस घालायला कार्यशाळेपेक्षा जास्त खर्च येणार नाही.